जुईलीनं काढलेलं घर

पहिलीच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर मुलांची चित्रं लावली होती आणि साधना त्यांत आपलं घर शोधत होती. विषय होता 'माझं घर'. शाळेचा खुला दिवस म्हणजे आईबापांनी यायचं, कौतुक करायचं, मोबाइलवर फोटो काढायचे आणि जाताना कागदी कपातला गार चहा प्यायचा, असा तो कार्यक्रम. भिंतीवर इमारतीच इमारती होत्या. महाळुंग्याच्या सोसायट्यांतल्या पोरांनी मजल्यावर मजले चढवले होते. एकाला कागद पुरला नाही म्हणून त्यानं वर आणखी एक कागद चिकटवला होता. कुणी पोहण्याचा तलाव काढला होता, कुणी लिफ्ट काढून तिच्यात बाबांना उभं केलं होतं. साधना पिवळा रंग शोधत होती. आपलं घर तीन मजली, पिवळंधमक, गच्चीवर काळ्या टाक्या आणि पुढं स्टीलच्या अक्षरांत 'हैबत निवास', सासऱ्यांच्या नावानं. रंग देताना तिचा नवरा किशोर म्हणाला होता, लांबनं दिसलं पायजे. आणि ते दिसतंच, लवळ्याच्या टेकडीवरूनही दिसतं. इथं मात्र दिसत नव्हतं. शेवटी खालच्या ओळीत, कोपऱ्यात, इंग्रजी 'J' उलटा काढून लिहिलेलं जुईलीचं नाव सापडलं आणि साधना चित्राजवळ वाकली.

एकच खोली होती. निळं पत्र्याचं दार, दाराशी एक शेळी, तिच्या गळ्यात घंटी. मधोमध हिरव्या लुगड्यातली एक बाई, कपाळावर हे एवढं कुंकू, परातीत हात घातलेला, आणि तिच्या दोन बाजूंना दोन मुली, दोघींच्या पुढ्यात ताटल्या. जिना नव्हता. टाक्या नव्हत्या. वरचे मजले जिथं असायला हवे होते तिथं जुईलीनं सूर्य काढला होता, त्याला हसरं तोंड काढलं होतं, आणि उरलेल्या जागेत पाखरं उडवली होती. ती खालची खोली होती. भाड्यानं दिलेली. त्यात राहणारी ती हिरव्या लुगड्यातली बाई जया होती, आणि दुसरी मुलगी जयाची समीक्षा.

"कित्ती गोड आहे ना?" वर्गाच्या गौतमी मिस मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आम्हाला सगळ्यांना हेच चित्र आवडलं. बाकी मुलांनी बिल्डिंग काढल्या. जुईलीनं घर काढलं. ह्या तुम्हीच ना?"

साधनानं त्या दिवशी मोतिया रंगाचा कुडता घातला होता, बारीक टिकली लावली होती. आयुष्यात तिनं हिरवं लुगडं नेसलं नव्हतं. "हो," ती म्हणाली. "मीच."

"आणि शेळीपण आहे तुमच्याकडे?"

"आहे."

परत येताना स्कूटीवर जुईली पुढं उभी होती, तिच्या केसांना वाऱ्यानं वास सुटत होता. शाम्पूचा वास, आणि शाम्पूच्या खाली धुराचा, आणि धुराच्या खाली शेळीचा. रविवारी सकाळीच तर दोनदा चोळून न्हायला घातलं होतं. साधनाला या वासाचा राग येत होता आणि रागाबरोबर तो वास ती पुन्हा पुन्हा घेत होती, दुखऱ्या दातावर जीभ जाते तशी. विचारावं का हिला? काय विचारायचं पण? तुझं घर कुठलं ग बये, असं सात वर्षांच्या पोरीला विचारायचं? आणि ती खरं बोलली तर? दोन्ही बाजूंना शेतं संपून पत्रे लागले होते, पत्र्यांवर मोठाल्या चित्रांत गोऱ्या पोरी गोऱ्या बापांच्या खांद्यावर बसून हसत होत्या, आणि त्यांच्या मागं कुणाच्या तरी उसात क्रेन उभी होती. जुईली शाळेतलं इंग्रजी गाणं म्हणत होती. मध्येच थांबून म्हणाली, "आई, समीक्षाला पण स्कूटीवर आणायचं होतं."

"ती येईल तिच्या आईबरोबर चालत."

"मग मी पण चालत येते ना."

साधनानं गाडीचा वेग वाढवला.

ही शाळा साधनानं निवडली होती, आणि निवडताना तिनं जेवढं डोकं लावलं तेवढं किशोरनं जमिनीच्या व्यवहारातही लावलं नसेल. त्या एका उन्हाळ्यात तिनं आसपासच्या सगळ्या शाळा पालथ्या घातल्या होत्या. एका शाळेत घोडा होता. घोड्याकडे बघून किशोरला हसू आवरेना, बाहेर आल्यावर म्हणाला, नवरदेवाला भाड्यानं देत्यात का इचार. एका शाळेत बाई तिच्याशी इंग्रजीत बोलत राहिल्या, ती मराठीत उत्तरं देत राहिली आणि दोघीही शेवटपर्यंत मागं हटल्या नाहीत. एका शाळेचं सगळं चांगलं होतं, पण साधनानं जाता जाता मुलींचं स्वच्छतागृह उघडून पाहिलं आणि ती शाळा तिथंच संपली. सोसायटीतल्या बायकांच्या गटात कुठल्या तरी ओळखीनं तिचा नंबर गेला होता. तिथं दिवसभर शाळांचा पंचनामा चाले. कुठल्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत, कुठं डब्यात काय चालतं, कुठली मुलं 'कशा घरातली' येतात. साधना सगळं वाचायची, लिहायची काही नाही. एकदाच तिनं लिहिलं होतं की गावातली जिल्हा परिषदेची शाळा पण चांगली आहे, मी तिथंच शिकले. त्यावर एकीनं हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं आणि बोलणं दुसरीकडे वळलं होतं. ते हात जोडणं साधनाला अजून आठवलं की कान तापतात.

शेवटी ही टेकडीवरची शाळा. टेकडी सासऱ्यांची, हैबतरावांची होती. शाळेला जमीन देताना म्हाताऱ्यानं एकच गोष्ट तोंडी ठरवून घेतली, माझी नातवंडं इथं शिकतील. इकडं बऱ्याच शाळांत अशी रीत आहे. जागेवाल्यांच्या मुलांना प्रवेश मिळतो आणि मग वर्षानुवर्षं त्यांना 'लोकल' म्हणतात. पहिल्या पालकसभेत शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी साधनाला विचारलं होतं, तुम्ही कुठल्या सोसायटीत? आणि साधनानं 'गावठाणात' म्हटल्यावर त्या फार गोड हसल्या होत्या. असं गोड हसणं साधनानं आधीही पाहिलं होतं. तिची थोरली बहीण सुलक्षणा, मावशीकडे पुण्याला शिकायला ठेवलेली, दिवाळीला घरी यायची तेव्हा 'आहे' म्हणायची, 'नाही' म्हणायची. साधना म्हणायची 'हाय', 'न्हाई'. सुलक्षणा हसायची, रागावून नाही, मायेनंच, आणि साधनाला वाटायचं हिच्या तोंडावर माती फेकावी. दोघींपैकी एकीलाच पुण्याला ठेवायची ऐपत होती, ती थोरली म्हणून तिला. साधना वर्गात पहिली यायची, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग सुलक्षणा सुट्टी संपून गेली की घरातल्या कोंबड्यांसमोर उभी राहून साधना एकटीच 'आहे, आहे, आहे' म्हणून बघायची. जुईली जन्मली तेव्हाच तिनं ठरवलं की ही असली वेळ हिच्यावर येणार नाही. हिच्या तोंडी पहिल्यापासून 'आहे' येईल.

आणि समीक्षाला तिथं घातलं तेही साधनानंच. हे आठवलं की तिला स्वतःचीच चीड येई. जया खालच्या खोलीत राहायला आली तेव्हा गाठोडी, दोन शेळ्या आणि कडेवर समीक्षा एवढाच तिचा संसार. नवरा बाजी मेंढरांमागं. दिवाळी झाली की कळप ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जायचा, पावसाआधी वर यायचा, आणि त्यांच्यात बाईनं कळपाबरोबरच राहायचं असतं. मुक्कामाला पाल ठोकायचं, घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कोकरं सांभाळायची. पहिली दोन वर्षं दिवाळीनंतर खोलीला कुलूप लागायचं आणि भाडं मात्र चालू राहायचं. मग साधनानं मोबाइलवर वाचलं की मोठ्या शाळांमध्ये काही जागा अशा मुलांसाठी फुकट राखून ठेवतात, सोडत निघते, घर शाळेजवळ पाहिजे एवढंच. तिनंच जयाला वर बोलावलं, तिनंच मोबाइलवर सगळं भरलं, तिनंच किशोरच्या मागं लागून भाडेकरार नोंदवून घेतला. सोडतीत नाव निघालं त्या दिवशी जयापेक्षा साधनाच जास्त नाचली. गावात ज्याला त्याला सांगत सुटली, आमच्या खालच्या जयाची पोरगी लागली बरं का टेकडीवर. जयानं तिच्या पायावर डोकं ठेवलं होतं. "वैनी, तुमी माझ्या पोरीचं सोनं केलं." आणि मग सासूशी, बयाबाईशी, कडाक्याचं भांडून, कळप कोकणात गेला तरी ती खोलीत राहिली. त्यांच्या घरात असं कुठल्याही सुनेनं केलं नव्हतं. त्या वेळी साधनाला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ती होतीच.

पण मोठं मन देणाऱ्याचं असतं तोवर ठीक. घेणाऱ्यानं नुसतं घेऊन गप्प बसावं, अशी त्यात एक न बोललेली अट असते. जया गप्प बसली नाही. पालकसभेला ती पहिल्या रांगेत जाऊन बसायची, मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीत अवघडून, आणि मिसनी इंग्रजीत बरंच काही सांगून झालं की मोठ्यानं विचारायची, "ते समदं ऱ्हाऊं द्या बाई. पोरगी वर्गात बोलती का? भेत न्हाई ना?" सगळे हसायचे, मिस हसायच्या, आणि हसताना त्यांचा चेहरा खराखुरा व्हायचा. सोसायटीतल्या बायका तिच्याबरोबर फोटो काढून घ्यायच्या. एकीनं तर तिच्या हातातल्या पाटल्या कुठं मिळतात म्हणून विचारलं. जयाला इंग्रजी येत नाही याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. साधनाला येत नाही याचं सगळ्यांना वाटत होतं. जया जशी होती तशी होती. साधना कशीतरी होऊ बघत होती आणि ते तिच्या कुडत्यावरून, बोलण्यातल्या जपून टाकलेल्या 'ॲक्च्युअली'वरून दिसत होतं. हे तिला कळत होतं. कळूनही काही करता येत नव्हतं, तेच तर खरं दुखणं होतं.

आणि जुईली. शाळेतून आल्यावर ती दप्तर पहिल्या पायरीवर टाकायची आणि खालच्या खोलीत पळायची. साधना वर ताट वाढायची. चपाती, भाजी, वरण-भात, काकडीच्या गोल चकत्या, डाव्या बाजूला चिमूटभर चटणी. खालून जयाच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, पाठोपाठ दोन पोरींचं हसणं. हाक मारली की जुईली ओरडायची, "आले!" आणि यायची नाही. येईल तेव्हा पोट भरलेलं असायचं, ओठाला लसणीचा लाल ठसा असायचा. घरात किशोर म्हणायचा, "खाऊंदे की, पोरंच हायेत." त्याला काय, तो दिवसभर प्लॉट दाखवत हिंडायचा. साधना त्या वाढलेल्या ताटासमोर बसायची आणि वरण गार होऊन त्यावर साय धरायची तशी तिच्या मनावर एक साय धरायची. काय देते ही जया पोरीला? भाकरी तर मीही करते. मीही थापते. गोष्टी सांगते म्हणे, कोल्ह्यानं कोकरू कसं पळवलं त्या. मग मीही एक पुस्तक आणलं, इंग्रजी गोष्टींचं, चित्रांचं, आणि वाचायला बसले तर माझी पोरगी माझे उच्चार दुरुस्त करत बसली. जयाचे उच्चार दुरुस्त करत नाही ती. जयाजवळ बसल्यावर जुईली 'हितं ये', 'लई भारी' असं बोलायची, आणि वर आल्यावर साधनानं 'हितं बस' म्हटलं तर म्हणायची, "आई, इथं म्हण ना. मिस म्हणतात घरी पण नीट बोलायचं."

म्हणजे ज्या बोलण्यापासून पोरीला लांब न्यायला एवढा खटाटोप केला, ते बोलणं तिला दुसरीच्या तोंडून गोड लागत होतं. देवानं हा काय न्याय लावलाय, असं साधनाला वाटे, आणि मग तिला आपण सात वर्षांच्या मुलीवर आणि एका मेंढरामागच्या बाईवर जळतो आहोत याची लाज वाटे, आणि लाजेनं जळणं काही कमी होत नसे. उलट लाकूड ओलं असलं की धूर जास्त होतो तसंच ते झालं होतं.

चित्र पाहून आल्यापासून ती दोन दिवस जयाशी बोलली नाही. जया पाण्याची मोटर चालू करू का म्हणून विचारायला आली तरी दारातूनच मान हलवली. जयाच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. ती नेहमीसारखी शेळीचं दूध तांब्यात घालून जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवून गेली. साधनानं ते मांजराला घातलं. मांजर प्यायलं, मिटक्या मारत प्यायलं, तेव्हा साधनाला मांजराचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी, मुली शाळेत गेल्यावर, तालुक्याहून दोघं आले. एक चष्मेवाल्या बाई आणि एक पोट सुटलेले गृहस्थ. कुणीतरी तक्रार केली होती म्हणे, की राखीव जागांवरच्या मुलांचे पत्ते खोटे आहेत, माणसं भलतीकडेच राहतात. म्हणून घरोघर जाऊन पाहायचं. साधना गच्चीवर कपडे वाळत घालत होती. खाली आवाज ऐकून ती जिन्यात येऊन उभी राहिली, हातात पिळलेला टॉवेल तसाच.

जया अंगणात शेळीला पाला घालत होती. बाईंनी विचारलं, "ताई, तुम्ही इथंच राहता का कायम?"

या प्रश्नाला एक सोपं उत्तर होतं. पण जया ज्या माणसांतली होती त्यांच्यात बाईनं भाड्याच्या चार भिंतींना आपलं घर म्हणणं म्हणजे नवरा, सासू, कळप या सगळ्यांना नाही म्हणणं. तिच्या तोंडून ते निघालंच नाही. ती हात झटकत सरळ उभी राहिली आणि कुणी कुळाचं नाव विचारल्यासारखी म्हणाली, "आमी मेंढरामागची माणसं. आमचं बिऱ्हाड कळपासंगं. आत्ता कोकणात हाय, रोह्याच्या अंगाला."

गृहस्थांनी बाईंकडे पाहिलं. बाई चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. "तसं नाही हो. तुम्ही आणि मुलगी. तुम्ही दोघी वर्षभर इथं असता ना?"

"आता हाय की हितं. पोरीपायी."

"आता म्हणजे?" आणि मग त्यांनी वर जिन्याकडे पाहिलं. "घरमालकीण तुम्हीच का? तुम्ही सांगा ताई. ह्या इथं राहतात ना? तुम्ही म्हणालात तर प्रश्नच मिटला."

इतकं सोपं होतं ते. व्हय, ऱ्हातात की, गेल्या जूनपास्नं एक दिवस खोली बंद न्हाई, असं नुसतं म्हणायचं. साधनाच्या जिभेवर ते आलंही होतं. पण त्याच वेळी तिला दारातली चूल दिसली. चुलीशेजारी दोन छोटे पाट होते. एका पाटावर जुईलीचा गुलाबी रबर-बँड पडला होता, आदल्या दिवशी हरवला म्हणून साधना तिच्यावर ओरडली होती तोच. म्हणजे जुईलीचा पाट ठरलेला होता. रोजचा. वर घरात जुईलीची अशी ठरलेली जागा कुठली, हे तिनं मनात शोधून पाहिलं आणि तिला सापडेना.

"दिवाळी झाली की खोलीला कुलूप असतंय," साधना म्हणाली. आपलाच आवाज तिला फार शांत वाटला. "मेंढरं कोकणात जातात ना. भाडं तेवढं चालू ठेवतात."

हे खोटं नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत अगदी असंच होतं. फक्त 'मागच्या वर्षीपर्यंत' हे तिनं म्हटलं नाही. बाईंनी चष्मा वर केला. खोलीचं दार तर समोर सताड उघडं होतं, चुलीत विस्तव होता, दोरीवर समीक्षाचा शाळेचा गणवेश वाळत होता. पण डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा मालकीण सांगते त्याला वजन असतं, आणि तिच्या बोलण्याला खुद्द जयाच्या बोलण्याचीच जोड मिळाली होती. साधना जयाकडे बघायचं टाळत होती आणि तरी तिला जया दिसत होती. जयानं एकदाच वर पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नवल होतं, आणि मग नवलही गेलं. काहीतरी समजल्यासारखी तिनं मान खाली घातली आणि शेळीपुढचा पाला सारखा केला. "व्हय," ती म्हणाली. "जातो आमी."

ते दोघं निघून गेल्यावर साधनानं उरलेले कपडे वाळत घातले. चिमटे लावताना छातीत काहीतरी मोकळं झालं होतं, घट्ट रिबीन सोडल्यासारखं. तिला वाटलं, आता होईल सगळं पहिल्यासारखं. आपण काय वाईट बोललो? जे होतं ते बोललो. आणि गावातली शाळा काय वाईट आहे? मी नाही तिथं शिकले? समीक्षा तिथं जाईल, खालीच राहील, फक्त जुईलीच्या वर्गात नसेल. तेवढं अंतर पुरे. आपल्या मनाशी हिशोब करताना माणूस किती उदार होतो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. दुपारी तिनं जुईलीसाठी शिरा करायला घेतला आणि रवा भाजता भाजता ती चक्क गुणगुणली.

शाळेकडून जयाला बोलावणं आलं, जया जाऊन आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि साधनानं विचारलं नाही. घरात किशोर एवढंच म्हणाला, "आपुन सांगितलं असतं तर झालं असतं की गं काम." साधना म्हणाली, "मी काय खोटं बोलू?" तो जेवत राहिला. मग एका सकाळी खाली टेम्पोचा आवाज आला. बाजीचा भाऊ आला होता. गाठोडी, परात, दोन पाट, शेळ्या असं सगळं चढवलं जात होतं. साधना जिन्यानं खाली आली, घाईनं, पायात चप्पलसुद्धा न घालता.

"जया, अगं, निघाली कुटं? गावातल्या शाळंत घाल की तिला. मी बोलते गुरुजींशी."

"घातली असती वैनी," जया म्हणाली. तिनं डोक्यावरचा पदर दातात धरून गाठोडं बांधलं, मग पदर सोडला. "पर घरच्यांनी मला त्या टेकडीवरच्या शाळंच्या नावावरच हितं ऱ्हाऊं दिलं व्हतं. सासू म्हणायची, एवढी मोठी शाळा म्हणून गप बसतीया. आता ती न्हाई तर माझं हितं काय? म्हणत्यात चल." समीक्षा टेम्पोत पुढं बसली होती, गणवेशाचा निळा स्वेटर घालून. थंडी नव्हती तरी. साधनाकडे पाहून तिनं हात हलवला.

"मी त्या दिवशी," साधना म्हणाली आणि थांबली.

"तुमी खोटं न्हाई बोलला वैनी. जातच व्हतो की आमी मागल्या सालापोत्तर." जयानं खोलीची किल्ली तिच्या हातात ठेवली, ठेवताना तिची बोटं क्षणभर दाबली. आणि मग आवाज खाली करून, बाजीच्या भावाला ऐकू जाऊ नये म्हणून जवळ येऊन बोलली, "मला ठावं व्हतं. तुमी वर ताट वाढून बसायच्या, जिन्यातनं दिसायचं मला. मी जुईलीला म्हणायची, जा, आई बसलीया. ती जायची न्हाई. पोर जेवाय बसल्यावर तिला उठिवणार कशी? माझ्यानं न्हाई झालं. चुकलंच माझं. आता सांगितलंय तिला, वर आईसंगंच जेवायचं. ऐकल ती. गुणाची हाय."

जयानं रागानं दोन शब्द ऐकवले असते तर साधनाला भांडता आलं असतं. भांडणात तिचा हात कुणी धरला नसता. पण जया माफी मागून टेम्पोत चढली. टेम्पो वळणावर क्रेनच्या मागं गेला आणि अंगणात लेंड्या, पाल्याच्या काड्या आणि चुलीची काळी जागा राहिली. साधनानं खराटा घेतला. झाडता झाडता तिला जाणवलं की ही जागा आता पुन्हा भाड्यानं द्यायची, लवळ्याच्या कॉलेजातली पोरं येतील, आणि त्यातल्या कुणावर जळायची वेळ आपल्यावर येणार नाही. सुटलो, असं मनाशी म्हणायचा तिनं प्रयत्न केला. ते काही जमलं नाही.

संध्याकाळी जुईली शाळेतून आली. तिनं दप्तर पहिल्या पायरीवर टाकलं नाही. ती खालच्या दाराचं कुलूप बघत थोडा वेळ उभी राहिली असावी, कारण जिन्यात पावलं यायला उशीर झाला. मग ती वर आली, दप्तर खुंटीला अडकवलं, हातपाय धुतले, न सांगता. रडली नव्हती. साधनानं ताट वाढलं. आज तिनं मुद्दाम भाकरी केली होती, पातळ, पापुद्रा सुटलेली, वर लोण्याचा गोळा, लसणीची लाल चटणी. भाकरी थापताना आवाज मोठा यावा म्हणून ती परातीवर जोरजोरात थापत होती, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि तरी तिनं हात आवरला नव्हता. जुईली मांडी घालून बसली. तिनं सगळं खाल्लं. भाकरी, चटणी, वरण, काकडीच्या चकत्यासुद्धा, एकही न सोडता. साधना समोर बसून तिच्याकडे पाहत होती. इतके महिने तिला हेच पाहिजे होतं. समोर पोर, पोरीपुढं आपलं ताट, खाली शांतता.

"गोष्ट सांगू?" साधना म्हणाली. "कोल्ह्याची?"

"नको." जुईली उठली. तिनं आपलं ताट आपणच उचललं, बेसिनपर्यंत नेलं, टाचा वर करून नळाखाली धरलं. शाळेत शिकवतात तसं. मग वळून, हात फ्रॉकला न पुसता टॉवेलला पुसून, ती म्हणाली, "थँक यू, आई. छान होतं."

आजवर या घरात आईला जेवणासाठी कुणी असं म्हटलं नव्हतं. पोरगी भांडेल, रडेल, ताट ढकलून देईल, समीक्षाला परत आण म्हणेल, या सगळ्याची साधनानं दिवसभर तयारी केली होती. त्या प्रत्येकाला तिच्याकडे उत्तर होतं.

"हितं बस ना जरा," ती म्हणाली. "माझ्याजवळ."

ती वाट पाहत राहिली. 'हितं' नाही, 'इथं' म्हण, असं जुईली आता म्हणेल, तिला टोकेल, निदान तेवढं तरी. जुईली आज्ञाधारकपणे आली, शेजारी बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि काहीच म्हणाली नाही.